घरी गाडी खोलून पुन्हा उभारताना सस्पेन्शन आणि डिफरन्शियलचे (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) झिजलेले बुश, म्हणजे जोडांमध्ये बसणारे धक्के शोषणारे तुकडे, बदलायचे आहेत. रबरी घालू की पॉलियुरेथेनचे?

रस्त्यावर रोज चालवायची गाडी असेल तर रबरीच घाला, निदान डिफरन्शियलला तरी. तिथे पॉली बसवले की गिअरची घरघर थेट बॉडीत येते आणि लांबच्या प्रवासात ती फार छळते. आर्मला (चाक बॉडीशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याला) पॉली चालतील, पण त्यांना सिलिकॉन ग्रीसच लावा.

जुना बुश काढण्याआधी त्याची दिशा आर्मवर खुणेने नोंदवा. बऱ्याच रबरी बुशांमध्ये मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या चुकीच्या बाजूला आल्या तर आर्म नको तिथे सैल आणि नको तिथे ताठ होतो. रबर जाळून काढू नका, धूर विषारी असतो. प्रेस नसेल तर जाड थ्रेडेड रॉड, नट, वॉशर आणि योग्य मापाचा पाइप यांनी काम होतं. नवा बुश बसवताना जोर फक्त बाहेरच्या धातूच्या कड्यावर द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. रबर आतल्या स्लीव्हला (धातूच्या नळीला) चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर गाडी खाली उतरताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी हातानेच लावा, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा. शेवटी चाकांची अलाइनमेंट करून घ्या.

डिफरन्शियल सोडवण्याआधी त्याखाली जॅक लावा, ते दिसतं त्याहून जड असतं. गाडी मात्र जॅक स्टँडवरच हवी.