ग्वाल्हेरच्या थंडीत घरी केलेल्या हलव्याला काटा का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहता, सुनेची पहिली संक्रांत आहे आणि दागिने घरच्याच हलव्याचे करायचेत. दोनदा करून पाहिला. एकदा दाणा मंदिरातल्या इलायचीदाण्यासारखा गुळगुळीत झाला, दुसऱ्यांदा परातीत नुसता भुगा उरला. साखरेऐवजी गूळ चालेल का, असंही विचारलंय.

गुळाचं आधी सांगते. चालणार नाही. हलव्याचा काटा म्हणजे सुक्रोजचा स्फटिक. गुळात सुक्रोजबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही बऱ्यापैकी असतात. ते स्फटिक धरू देत नाहीत, वर हवेतलं पाणी ओढून घेतात. गूळ वड्यांना आणि लाडवांना ठेवा. खडीसाखरेचा हलवा मात्र सुरेख पांढरा होतो. साधी साखर घेणार असाल तर सल्फरमुक्त लिहिलेली, मोठ्या दाण्याची घ्या. विकतची पिठीसाखर नको, तिच्यात बहुधा कॉर्नफ्लोअर मिसळलेलं असतं.

पुष्कळांची पहिली चूक तिळाच्या मापात होते. हजार तिळांचं वजन जेमतेम ३ ग्रॅम. वाटीभर तीळ घेतले तर अर्धा किलो साखर जिरवूनही दाणा ज्वारीएवढाही होत नाही, आणि तेवढ्यात काटा कुठून येणार? अर्धा किलो साखरेला २० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे तीळ पुरेत. त्यातून ज्वारीपेक्षा थोडा मोठा दाणा मिळतो. दाल बाजारात गजकवाले (गजक म्हणजे तिळाची मिठाई) नेतात तसे धुतलेले पांढरे तीळ मागा, चाळून कणी काढा आणि रंग न बदलता नुसते गरम करा. तिळाला तेल असतं, त्यामुळे पहिला थर निसटतो. म्हणून पहिले दोन हात डिंकाच्या पातळ पाण्याचे द्या, मग पाकाला हात घाला. दागिन्यांतल्या मोठ्या मण्यांसाठी मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) किंवा साबुदाणा वेगळा करा.

आता पाक. साखरेच्या निम्मं पाणी घेतलं की द्रावण ६७ टक्क्यांचं होतं. २० अंशांना पाणी जास्तीत जास्त एवढीच साखर पेलतं. ते थोडं आटवून ७० टक्क्यांवर आणायचं: थर्मामीटर १०५ अंशांच्या आसपास, बोटांत तार धरते न धरते तोच तुटते, असा कच्चा एकतारी. पुरता एकतारी झाला की तो परातीत पसरण्याआधीच दाणेदार होतो आणि भुगा पडतो. तुमच्या दुसऱ्या खेपेला बहुधा हेच झालंय. उकळताना चमचाभर दूध घातलं की मळी वर येते. ती काढून पाक ओल्या मलमलीतून गाळा. दुधाचा अंश राहिला तर हलवा पिवळा पडतो, तेव्हा साखर स्वच्छ असेल तर दूध टाळलेलंच बरं.

लिंबाबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. आंबटाने सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. भांड्यात पाक साखरू नये म्हणून दोनचार थेंब ठीक, पण अर्धं लिंबू पिळलं तर गुळाचीच अडचण पुन्हा ओढवून घेतली. असा हलवा चिकट होतो, डब्यातही पाझरतो. त्यापेक्षा रोजचा पाक रोज करा, १७० ग्रॅम साखर आणि ८५ ग्रॅम पाणी, आणि वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट राखा. पाक ढवळत बसू नका आणि वाटीच्या कडेला सुकलेली साखर आत पडू देऊ नका.

परात जाड हवी, कल्हईची पितळी असेल तर उत्तम. पूर्वी खाली राखेने झाकलेले निखारे असत. आता गॅस सगळ्यात बारीक ठेवून त्यावर लोखंडी तवा आणि तव्यावर परात. तळ हाताला गरम लागावा, पण बोटं टेकवून ठेवता यावीत. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात ठेवायची युक्ती सांगतात, पण कडेने वाफ येत राहिली तर दाणा वाळत नाही.

अर्धा चमचा पाक शिंपडा आणि बोटांच्या पेरांनी दाणे सारखे फिरवा. आधी ते चिकटतात, मग सुटतात, मग कोरडी खळखळ ऐकू येते. ती ऐकल्याशिवाय पुढचा पाक नाही. दाणे वाढतील तसं माप एका चमच्यावर न्या, त्याहून जास्त नको. अशा शंभरेक पाळ्या होतात, प्रत्येकीला पाचएक मिनिटं. म्हणजे आठ-नऊ तासांचं काम आहे, ते तीन दिवसांत वाटा. दहा-बारा पाळ्यांनी एकदा दाणे चाळा. हे टाळलं की सुटी पूड ओल्या दाण्याच्या खाचांत बसते आणि काटा बुजतो.

काटा मुळात येतो तो असा: दाण्यावर कुठेतरी किंचित उंचवटा असतो. परातीवरचा पाक आधी त्याला लागतो आणि तापलेल्या तळावर तोच आधी वाळतो. उंचवटा वाढला की पुढच्या पाळीला पाक आणखी त्यालाच. म्हणून पाक थोडा लागतो. एकदम पळीभर ओतला तर दाणा सगळीकडून भिजतो, आधीचे काटे विरघळतात आणि तुमचा इलायचीदाणा तयार. जपानी कोंपेईतो याच तत्त्वावर होतं. ती मिठाई पोर्तुगिजांमुळे तिकडे गेली. लुईश फ्रोइश या पाद्रीने १५६९ साली ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला ती भेट दिल्याची नोंद आहे. तिच्या शिंगांनी तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञालाही विचारात पाडलं होतं. आपल्या परातीकडे तसं कोणी फारसं पाहिलेलं दिसत नाही.

हवेबद्दल एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या पाककृतीत मिळणार नाही. तिथे पहाटे बसा म्हणतात. आपल्याकडे जानेवारीत पहाटे कोहरा (दाट धुकं) असतो. थंडी असते, पण हवा ओली, आणि हलव्याला लागते कोरडी. ऊन पडल्यावर, साधारण अकरा ते चार या वेळात, पंखा बंद ठेवून बसा. दिवसभर कोहरा हटला नाही तर तो दिवस सोडून द्या. त्यासाठी संक्रांतीच्या आठ-दहा दिवस आधी सुरुवात करा. रोजचं काम संपलं की दाणे परातीतच गार होऊ द्या आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरले तर घामटतात.

रंग द्यायचाच असेल तर शेवटच्या चार-पाच पाळ्यांत. काळ्या साडीवर पांढराच शोभतो, हे माझं मत.

खाण्याचं म्हणाल तर हलवा म्हणजे जवळपास निव्वळ साखर. २५ ग्रॅमच्या मुठीत सुमारे शंभर कॅलरी. २००० कॅलरींच्या आहारात बाहेरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा वाटायला चिमूट-चिमूट. याच हलव्यात घरातलं बोरन्हाणही उरकणार असाल तर बाळाच्या डोक्यावरून कुरमुरे जास्त आणि हलवा नावापुरता टाका, आणि सांडलेला लगेच वेचा. एवढा कडक दाणा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो.

दागिन्यांसाठी दाणा सुईने टोचू नका, फुटतो. दुहेरी दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवा आणि पुठ्ठ्याला सोनेरी कागद लावून त्यावर माळा बसवा. गळ्याकडच्या बाजूला मऊ कापडाचं अस्तर हवं, नाहीतर घामाने पाक सुटून साडीला लागतो. हे काम आदल्या दिवशी दुपारी करा. आधी करून ठेवलेले दागिने उघड्यावर मऊ पडतात.