ऑनलाइन जुगारावर सरसकट बंदी योग्य आहे का?

माझ्या मते नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. रमी, पोकर, फॅन्टसी क्रिकेट, सगळे एका झटक्यात. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही (तेवढे मात्र बरे केले).

पण बंदीने काय होते हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? मुंबईत जुगारबंदीचा कायदा 1887 पासून आहे आणि कल्याण मटका, म्हणजे आकड्यांवरचा जुगार, त्याच्या नाकावर टिच्चून वाढला. टपरीवर चिठ्ठी, ओपन-क्लोजचा आकडा, वर हप्ता. आता चिठ्ठीची जागा टेलिग्रामने घेतली: परदेशी साइट, व्हॉट्सअॅपवरचा एजंट, पैसे भरायला तिसऱ्याच कुणाचे तरी बँक खाते. जिंकलेली रक्कम दाबली तर तक्रार कुठे करणार?

माणसे कर्जात बुडतात, घरे उद्ध्वस्त होतात, हे खरेच. म्हणूनच परवाना हवा. ब्रिटनमध्ये एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळता येत नाही. शिवाय 'गॅमस्टॉप'वर एकदा स्वतःचे नाव नोंदवले की परवानाधारक साइट तुम्हाला ठरलेल्या मुदतीपर्यंत आत घेत नाहीत. चोरट्या साइटकडून हे कोण करून घेणार?

आणि राज्य लॉटरी सरकारच 1969 पासून विकते, गोव्यात मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत, मग मोबाइलवरचाच जुगार तेवढा वाईट कसा? क्रिकेटपटूंच्या जाहिराती बंद करा म्हणालात, तर आत्ता सही करतो.