विकण्याआधी घराचं रिनोव्हेशन केलं तर पैसे वसूल होतात का?

तुमचा प्रश्न असा की घर विकायला काढायच्या आधी किचन आणि बाथरूम नवं करून घेतलं तर तेवढी किंमत वाढून मिळेल का. माझं मत स्पष्ट आहे: केवळ विक्रीसाठी मोठं काम काढू नका, पण दुरुस्ती एकही सोडू नका.

आम्ही घर विकलं तेव्हा नेमकं उलटं केलं. किचनचा ओटा, कपाटं, टाइल्स सगळं नवं. बेडरूमच्या खिडकीखाली ओल होती, तिथे मात्र नुसती पुट्टी भरून रंग मारला. घर बघायला आलेले पहिले गृहस्थ किचनला 'छान आहे' म्हणून पुढे गेले आणि त्या भिंतीपाशी थांबले. रंगाला बारीक फुगे आले होते. त्यांनी एक नखाने टोकरला, आतली पांढरी भुकटी बोटांवर चोळून पाहिली आणि मग काही न बोलता सिंकखाली वाकले, छताचे कोपरे न्याहाळले. त्यांनी भाव इतका पाडून मागितला, की त्या फरकात तशा चार भिंती दुरुस्त झाल्या असत्या.

खिडकीच्या चौकटीच्या फटीतून पाणी झिरपत होतं. भिंतीत मुरलेलं पाणी विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन पृष्ठभागावर येतं, तिथे पाणी सुकतं, क्षार मागे साचतात आणि रंग उचलला जातो. म्हणून आधी गळती बंद करायची, मग भिंत पूर्ण वाळू द्यायची (याला काही आठवडेही लागतात), आणि रंग सगळ्यात शेवटी.

किचनचे पैसे पूर्ण का निघत नाहीत? कारण आजूबाजूची तशीच घरं ज्या भावाने जातात, त्याच्या फार वर कोणी जात नाही. शिवाय तुमची आवड घेणाऱ्याची असेलच असं नाही. तुम्ही हौसेने लावलेल्या टाइल्स तो काढूनही टाकेल. अमेरिकेत दरवर्षी 'कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू' नावाचा अहवाल निघतो. २०२४ च्या अहवालात किचनच्या किरकोळ नूतनीकरणाचा सुमारे ९६ टक्के खर्च विक्रीत परत मिळतो असा अंदाज होता, आणि महागड्या, संपूर्ण नूतनीकरणाचा जेमतेम ३८ टक्के. आकडे तिथले आहेत, पण काम जितकं भारी तितकी वसुली कमी, हे मी स्वतः भोगलंय.

बाथरूम वापरण्याजोगंच नसेल किंवा वायरिंग धोकादायक असेल, तर अर्थातच ते काम करा. बिलं जपून ठेवा. बऱ्याच देशांत घरात केलेल्या सुधारणांचा खर्च विक्रीच्या नफ्यातून वजा होतो, साध्या डागडुजीचा सहसा होत नाही. तुमच्याकडचा नियम कर सल्लागाराला विचारा.

आणि कॉन्ट्रॅक्टरला बोलावण्याआधी दोन एजंटना घर दाखवा. आहे तसं किती येईल आणि काम केल्यावर किती, हे दोन्ही आकडे वेगवेगळे विचारा. तुमच्या घरात ओल किंवा गळती आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर बाथरूमच्या टाइल्स निवडणं आजच थांबवा आणि आधी प्लंबरला बोलवा.