वाचकांच्या शंका : १८.२ षटकं म्हणजे कॅल्क्युलेटरवर किती?

टी-ट्वेंटी विश्वचषक आणि तशाच आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : गुणतक्त्यातली निव्वळ धावगती मी वहीत स्वतः काढतो, पण माझा आकडा कधीच जुळत नाही. २०२४ च्या विश्वचषकात गटातल्या तीन सामन्यांनंतर भारताची धावगती +१.१३७ दाखवत होते, माझी आली +१.३०६. सूत्र तर तेच वापरलं. चुकतं कुठे? (एक वाचक, इचलकरंजी)

+१.३०६ हा आकडा बघितल्यावरच चूक कळते. तुम्ही तिन्ही सामन्यांची धावगती वेगवेगळी काढून सरासरी घेतलीत. तसं करायचं नसतं. निव्वळ धावगती म्हणजे आपल्या षटकामागच्या धावा वजा प्रतिस्पर्ध्यांच्या षटकामागच्या धावा. आधी सगळ्या सामन्यांच्या धावांची बेरीज करायची, मग सगळ्या चेंडूंची, आणि भागाकार शेवटी एकदाच.

षटकांऐवजी चेंडू धरा, म्हणजे निम्म्या चुका आपोआप टळतात. १८.२ मधला .२ म्हणजे दोन दशांश नव्हे, दोन चेंडू. १८.२ षटकं म्हणजे ११० चेंडू, म्हणजेच १८.३३३ षटकं. आता तुमचंच उदाहरण चेंडूंत मांडू.

आयर्लंड ९६ सर्वबाद (१६ षटकं), भारत २ बाद ९७ (१२.२ षटकं). भारत ११९ सर्वबाद (१९ षटकं), पाकिस्तान ७ बाद ११३ (२० षटकं). अमेरिका ८ बाद ११० (२० षटकं), भारत ३ बाद १११ (१८.२ षटकं).

भारताच्या धावा ९७ + ११९ + १११ = ३२७. चेंडू ७४ + १२० + ११० = ३०४. पाकिस्तानविरुद्ध १९ षटकंच झाली असली तरी संघ सर्वबाद झाला, म्हणून पूर्ण १२० चेंडू धरायचे. प्रतिस्पर्ध्यांच्या धावा ९६ + ११३ + ११० = ३१९. चेंडू ३६०, कारण आयर्लंडचेही १२०च धरले जातात. ३२७ भागिले ३०४ गुणिले ६ म्हणजे ६.४५४, आणि ३१९ भागिले ३६० गुणिले ६ म्हणजे ५.३१७. वजाबाकी +१.१३७. जुळलं.

सर्वबादचा नियम विसरून प्रत्यक्ष टाकलेली षटकं धरली, तर हीच धावगती +०.८८८ वर घसरते. ज्यांचा आकडा फार मोठ्या फरकाने चुकतो, त्यांनी आधी हेच तपासावं. सरासरीने गोंधळ का होतो, तर आयर्लंडविरुद्ध भारत फक्त ७४ चेंडू खेळला, पण सरासरीत त्या सामन्याच्या +३.०६५ ला बाकी दोन सामन्यांइतकंच वजन मिळतं. कॅनडाविरुद्धचा चौथा सामना फ्लोरिडात पावसात वाहून गेला. अशा सामन्याचा एकेक गुण मिळतो, पण धावगतीच्या हिशेबात तो कुठेच येत नाही.

या सूत्रात गडी किती पडले याला काडीची किंमत नाही. एक धाव राखून जिंकलेला संघ २ बाद असो की ९ बाद, धावगती तीच. हा दोष खराच, पण हिशेब कुणालाही करता येतो एवढ्या एका गुणावर ही पद्धत टिकून आहे.

प्रश्न : समालोचक सांगतात, ‘पुढच्या फेरीत जायचं तर अमुक षटकांत जिंकायला हवं.’ हा आकडा एकच असतो का? (एक वाचक, नाशिक)

नसतो, आणि हे न कळल्यामुळे अफगाणिस्तानला स्पर्धेबाहेर जावं लागलं. ५ सप्टेंबर २०२३, लाहोर, आशिया चषक. स्पर्धा ५० षटकांची होती, पण गणित तेच. श्रीलंका २९१, अफगाणिस्तानसमोर २९२ चं लक्ष्य, आणि पुढे जायचं तर ते ३७.१ षटकांत गाठायला हवं होतं. ३७ षटकं झाली तेव्हा धावा २८९. पुढच्या चेंडूवर मुजीब झेलबाद झाला आणि सगळं संपलं असं समजून शेवटचा फलंदाज नुसते चेंडू अडवत राहिला. ३७.४ ला तो पायचीत झाला. नाबाद राहिलेला रशीद खान समोरच्या टोकाला उभा होता.

प्रत्यक्षात संपलेलं नव्हतं. २९२ धावा ३७.२ षटकांत झाल्या असत्या तर अफगाणिस्तान -०.१०१ आणि श्रीलंका -०.०९८, म्हणजे केसभर मागे. पण धावसंख्या २८९ असताना षटकार बसला तर सामना २९२ वर थांबत नाही, २९५ वर संपतो. ३७.४ षटकांत २९५ धरून हिशेब केला तर अफगाणिस्तान -०.०९०, श्रीलंका -०.११२. म्हणजे तेव्हाही एक षटकार पुरेसा होता.

म्हणून वहीत एक आकडा लिहू नका, चार लिहा : लक्ष्याइतक्या धावा झाल्या तर किती चेंडूंपर्यंत चालेल, आणि त्याहून एक, दोन, तीन जास्त झाल्या तर किती. विजयी फटका चौकार किंवा षटकार असेल तर एखाद-दुसरा चेंडू जास्त मिळतो. हे काम ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या विश्लेषकाचं, आणि पाठलाग सुरू होण्याआधीच ते कागदावर तयार असायला हवं. नववा गडी बाद झाल्यावर मैदानात निरोप धाडून उपयोग नाही.

प्रश्न : २०२२ मध्ये ॲडलेडला बांगलादेश बिनबाद ६६ होता, डकवर्थ-लुईसने १७ धावा पुढे होता, पाऊस थांबल्यावर मात्र हरला. पावसाच्या नियमाने त्यांचा घात केला का? (एक वाचक, सोलापूर)

नाही. भारताच्या ६ बाद १८४ ला उत्तर देताना सात षटकांत बिनबाद ६६. त्या क्षणी बरोबरीची धावसंख्या, म्हणजे पार, ४९ होती. खेळ पुन्हा सुरू झालाच नसता तर बांगलादेश १७ धावांनी जिंकला असता. खेळ सुरू झाला आणि १६ षटकांत १५१ चं लक्ष्य आलं.

तुलना अशी करा. पावसाआधी १३ षटकांत ११९ हव्या होत्या, म्हणजे षटकामागे ९.१५. पावसानंतर ९ षटकांत ८५, म्हणजे ९.४४. धावगती किंचित वाढली, पण दहाच्या दहा गडी आता तेराऐवजी नऊच षटकं पुरवायचे होते. डकवर्थ-लुईस पद्धतीचा गाभाच तो : उरलेले चेंडू आणि शिल्लक गडी मिळून संघाकडचं भांडवल किती, हे मोजायचं. खेळ सुरू होताच के. एल. राहुलच्या थेट फेकीने लिटन दास २७ चेंडूंत ६० काढून धावचीत झाला. नऊ षटकांत सहा गडी गेले, धावा झाल्या १४५ आणि भारत ५ धावांनी जिंकला. सामना फिरला तो त्या थेट फेकीने.

संघांना दिला जाणारा तक्ता वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. आडव्या ओळीत टाकलेली षटकं आणि चेंडू, उभ्या रकान्यात पडलेले गडी. गडी पडला की रकाना बदलतो आणि पार एकदम उडी मारते, त्यामुळे ढग जमलेले असताना पडलेला गडी दुप्पट महाग. दुसरं, तक्त्यातला आकडा बरोबरीचा असतो, जिंकायला त्याहून एक धाव जास्त लागते. २००३ च्या विश्वचषकात डर्बनला दक्षिण आफ्रिकेने हाच घोळ घातला. मार्क बाउचरने षटकार मारून २२९ केले, आकडा गाठला या समजुतीने शेवटचा चेंडू अडवला, सामना बरोबरीत सुटला आणि यजमान संघ बाहेर पडला.

वहीवाल्यांसाठी : लक्ष्य असं बदललं की धावगतीत पहिल्या संघाच्या खऱ्या धावा धरत नाहीत. ॲडलेडच्या सामन्यात भारताच्या नावे १६ षटकांत १५० मांडल्या जातात, २० षटकांत १८४ नव्हे.

प्रश्न : न्यूयॉर्कला अमेरिकेविरुद्ध भारताला फुकटच्या ५ धावा मिळाल्या त्या नेमक्या कशाबद्दल? आणि शेवटी कधी कधी सीमारेषेवर चारच क्षेत्ररक्षक का दिसतात? (एक वाचक, कोल्हापूर)

हे दोन वेगळे दंड आहेत, लोक हमखास एकात एक मिसळतात.

पहिला दोन षटकांमधल्या वेळेचा. एक षटक संपल्यापासून ६० सेकंदांत पुढचं टाकायला क्षेत्ररक्षण करणारा संघ तयार हवा. घड्याळ तिसरे पंच सुरू करतात. एका डावात दोनदा ताकीद, तिसऱ्या वेळेपासून दर चुकीला ५ धावा. १२ जून २०२४ ला अमेरिकेची ही तिसरी वेळ झाली, तेव्हा भारताला ३० चेंडूंत ३५ हव्या होत्या, त्या ३० चेंडूंत ३० झाल्या. या धावा कुठल्याही फलंदाजाच्या नावे लागत नाहीत, अवांतरमध्ये जातात. नवा फलंदाज येत असेल, अधिकृत पेयपान असेल किंवा पंचांच्या परवानगीने मैदानात उपचार चालू असतील, तर घड्याळ लावत नाहीत किंवा लावलेलं रद्द करतात.

दुसरा दंड संपूर्ण डावाच्या वेळेचा. २० षटकांना ८५ मिनिटं. ठरलेल्या वेळेपर्यंत शेवटच्या षटकाचा पहिला चेंडू टाकायच्या तयारीत संघ नसेल, तर उरलेल्या षटकांत ३० यार्डांच्या वर्तुळाबाहेर पाचऐवजी चारच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. दुखापत, तिसऱ्या पंचांकडे गेलेले निर्णय, फलंदाजांनी काढलेला वेळ, हे सगळं ८५ मिनिटांच्या हिशेबातून वगळतात. जानेवारी २०२२ पासूनचा हा नियम मानधनातून होणाऱ्या कपातीपेक्षा कितीतरी परिणामकारक आहे. दंडाची रक्कम खेळाडू भरून मोकळे होतात. एकोणिसाव्या षटकात डीप मिडविकेटचा माणूस आत ओढावा लागला की कर्णधाराला ते त्याच क्षणी झोंबतं.

उशीर बहुतेक वेळा वेगवान गोलंदाजांमुळे आणि षटकाच्या मधोमध क्षेत्ररचना बदलण्यामुळे होतो. म्हणून दहाव्या षटकाच्या सुमारास दोन फिरकीपटू लागोपाठ लावून मिनिटं वाचवतात.

प्रश्न : मूळ सामन्यात बाद झालेला फलंदाज सुपर ओव्हरमध्ये खेळू शकतो का? आणि ती ओव्हरही बरोबरीत सुटली तर? (एक वाचक, मडगाव)

खेळू शकतो. सुपर ओव्हर म्हणजे बरोबरीतला सामना मिटवायला दोन्ही संघांना मिळणारं एकेक षटक. त्यात अकरांपैकी कुणीही चालतो, फक्त फलंदाज तीनच आणि दोन बाद झाले की डाव आटोपला. सामन्यात नंतर फलंदाजी केलेला संघ इथे आधी खेळतो. बरोबरी झाली तर आणखी एक सुपर ओव्हर, निकाल लागेपर्यंत. मात्र आधीच्या सुपर ओव्हरमध्ये टाकलेला गोलंदाज आणि त्यात बाद झालेला फलंदाज पुढच्यात चालत नाही, आणि फलंदाजीचा क्रम उलटतो. १७ जानेवारी २०२४ ला बेंगळुरूत भारत आणि अफगाणिस्तान दोघेही २१२ वर, मग १६-१६ वर अडकले. दुसऱ्या सुपर ओव्हरमध्ये भारताने ११ केल्या आणि रवी बिश्नोईने एका धावेत दोन्ही गडी काढले.

या षटकात घात होतो तो बहुधा अवांतर धावांनी. ६ जून २०२४, डॅलस : अमेरिका आणि पाकिस्तान, दोघांच्याही १५९. मोहम्मद आमिरच्या षटकात अमेरिकेने १८ केल्या, त्यातल्या तब्बल ७ अवांतर. वाइड पडला, चेंडू यष्टिरक्षकाकडे गेला आणि फलंदाज धावत सुटले. बॅटमधून चौकार एकच आला. मग आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने १३ देऊन सामना काढला. सुपर ओव्हरच्या धावा धावगतीत धरत नाहीत. अमेरिकेला दोन गुण मिळाले, पण धावगतीच्या हिशेबात त्या सामन्यातल्या दोघांच्याही २० षटकांत १५९ धावाच धरल्या गेल्या.

प्रश्न : षटकं कमी झाली तर पॉवरप्ले आणि गोलंदाजांचा कोटा किती? (एक वाचक, ठाणे)

पॉवरप्ले, म्हणजे डावाच्या सुरुवातीची क्षेत्ररक्षणावर जादा निर्बंध असलेली षटकं, डावाच्या ३० टक्के. जुलै २०२५ पासून तो जवळच्या चेंडूपर्यंत मोजतात : ८ षटकांच्या डावाला २.२, १० ला ३, १६ ला ४.५. त्यामुळे तो षटकाच्या मधेच संपू शकतो. एका गोलंदाजाचा कोटा एकूण षटकांच्या एक पंचमांश. १६ षटकांत एकाला चार, बाकीच्यांना तीन. निकालासाठी दुसऱ्या संघाला किमान ५ षटकं मिळायला हवीत, २०२४ च्या उपांत्य फेरीसाठी ही मर्यादा १० होती.

प्रश्न : अंतिम सामना पावसात गेला तर विजेता कोण? (एक वाचक, चिपळूण)

राखीव दिवशीही निकाल लागला नाही तर दोघं संयुक्त विजेते. उपांत्य सामन्याला तसं नाही, तिथे आधीच्या फेरीत वरच्या क्रमांकावर असलेला संघ पुढे जातो. २०२४ च्या गयानातल्या भारत-इंग्लंड उपांत्य सामन्याला राखीव दिवस नव्हता, त्याऐवजी त्याच दिवशी २५० मिनिटं जादा ठेवली होती.

राखीव दिवशी आता सामना थांबला तिथूनच पुढे चालतो. पूर्वी नव्याने सुरू व्हायचा. २००२ ची चॅम्पियन्स ट्रॉफी, कोलंबो : श्रीलंकेने दोन्ही दिवस पूर्ण ५० षटकं फलंदाजी केली, भारताला पहिल्या दिवशी २ आणि दुसऱ्या दिवशी ८.४ षटकं मिळाली, आणि करंडक दोघांत वाटून घ्यावा लागला.