‘डॉक्टर हू’ परत आणताना जुन्या चाहत्यांचं किती ऐकलं गेलं?

तुम्ही विचारलंय की ‘डॉक्टर हू’सारखी कालप्रवासाची जुनी मालिका परत आणायची झाली तर तिच्या जुन्या चाहत्यांचं किती ऐकावं. माझं मत सांगतो. पडद्यावर त्यांच्याशी बोलूच नये, पण पडद्यामागे काम करणारे मात्र त्यांच्यातलेच असावेत.

ही मालिका बीबीसीवर 23 नोव्हेंबर 1963ला सुरू झाली. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, तर पहिल्या कथेचे दिग्दर्शक लखनौत जन्मलेले वारिस हुसेन. दोघांनीही तेव्हा तिशी गाठली नव्हती. 1966मध्ये मालिकेच्या नायकाची, म्हणजे डॉक्टरची, भूमिका पहिल्यांदा करणाऱ्या विल्यम हार्टनेलच्या तब्येतीने साथ सोडली. तेव्हा लेखकांनी ठरवून टाकलं की हा परग्रहावरचा माणूस मरायला टेकला की नवा चेहरा घेतो. या एका युक्तीवर मालिका 1989पर्यंत चालली आणि मग कसलाही गाजावाजा न होता बंद पडली.

त्यानंतर ती दोनदा परतली. 1996मध्ये अमेरिकी भागीदारीत एक टीव्ही चित्रपट झाला. त्याची पहिली काही मिनिटं आठवा. निवेदनातून कळतं की डालेक नावाच्या शत्रूंनी स्कारो ग्रहावर मास्टर नावाच्या खलनायकाला मृत्युदंड दिला, आणि डॉक्टर आता त्याच्या अस्थी गॅलिफ्रे या आपल्या मूळ ग्रहावर नेतोय. ज्याने मालिका कधी पाहिलीच नाही त्याने यातून काय घ्यायचं? पुढे हा डॉक्टर सॅन फ्रान्सिस्कोत गोळी लागून ऑपरेशन टेबलावर मरतो आणि शवागारात नवा डॉक्टर जागा होतो. म्हणजे ज्याची ओळख झाली तो गेला, आणि ज्याच्यासोबत राहायचं तो बराच वेळ आलेलाच नाही. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच. त्यात डॉक्टरची आई माणूस होती असं सांगून जुन्यांनाही दुखावलं ते वेगळंच. ब्रिटनमध्ये 90 लाखांवर लोकांनी तो पाहिला, पण अमेरिकेत तो पडला आणि पुढची मालिका बारगळली. (नव्या डॉक्टरचं काम पॉल मॅकगॅनने छान केलंय, त्याच्यावर राग नाही.)

आता दुसरं परतणं, म्हणजे 26 मार्च 2005चा ‘रोज’ हा भाग बघा. गजर वाजतो, रोज नावाची एक मुलगी उठते, लंडनच्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात कामाला जाते. दुकान बंद व्हायच्या वेळी तिला लॉटरीच्या पैशांची पिशवी इलेक्ट्रिशियनकडे पोचवायला तळघरात जावं लागतं. तिथे कपडे घातलेले प्लॅस्टिकचे पुतळे हलायला लागतात. ती भिंतीला टेकते, कुणीतरी तिचा हात धरतो आणि म्हणतो, ‘पळ!’ गॅलिफ्रे नाही, इतिहास नाही. डॉक्टर कोण हे रोजला जितकं ठाऊक, तितकंच आपल्याला.

पण 1970ची कथा पाहिलेल्या माणसाला ते पुतळे बघताक्षणीच ओळखू येतात. ते ऑटन. त्या वेळी दुकानाची काच फोडून ते रस्त्यावर येतात, पण काच प्रत्यक्ष फुटताना दाखवायला पैसे नव्हते, नुसता आवाज ऐकवला होता. 2005मध्ये काच डोळ्यांसमोर फुटते. आणि ऑटन हे नाव कुणाच्या तोंडी येत नाही, फक्त श्रेयनामावलीत दिसतं. जुन्या माणसाला मिळायचं ते मिळालं आणि नव्याचं काही अडलं नाही. ब्रिटनमध्ये एक कोटीहून जास्त लोकांनी हा भाग पाहिला.

हे जमलं, कारण लिहिणारे घरचेच होते. मालिका परत आणणारा आणि ‘रोज’ लिहिणारा रसेल टी डेव्हिस तिचा लहानपणापासूनचा चाहता. मालिका बंद असताना तिच्यावर कादंबऱ्या निघत होत्या, ध्वनिनाट्यं होत होती, आणि डेव्हिसनेही 1996मध्ये तशी एक कादंबरी लिहिली होती. रॉबर्ट शिअरमनने आपल्या ध्वनिनाट्यातली कल्पना घेऊन ‘डालेक’ हा भाग लिहिला, पॉल कॉर्नेलची 1995ची कादंबरी 2007मध्ये पडद्यावर आली.

डेव्हिसची सगळ्यात हुशार चाल म्हणजे कालयुद्ध. डॉक्टरचे सगळे जातभाई एका युद्धात संपले, आणि ते युद्ध आपण तेव्हा पाहिलेलंच नव्हतं. 26 वर्षांचा पसारा एका वाक्यात आवरला. नव्या प्रेक्षकाला त्यात गूढ दिसतं, जुन्याला सुतक. गॅलिफ्रे हा शब्द तर 2006च्या नाताळच्या भागापर्यंत कुणी उच्चारलाही नाही.

‘डालेक’मध्ये डॉक्टर अंधाऱ्या कोठडीत एका कैद्याला मदत करायला जातो, पलीकडून यांत्रिक आवाज येतो, आणि इतका वेळ मिश्कील असलेला हा माणूस दार बडवत सुटतो. डालेक म्हणजे काय हे आधी कुणी सांगत नाही. ते त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. पुढे डालेक जिन्यावरून तरंगत वर येतो. पाय नसलेल्या या यंत्रवजा शत्रूंना जिना चढता येत नाही हा ब्रिटनमधला जुना विनोद. खरं तर 1988मध्येच एक डालेक जिना चढला होता, पण तोवर बघणारे कमी झाले होते.

उलटं उदाहरणही याच डेव्हिसचं आहे. 2023मध्ये तो डिस्नीच्या पैशांसह परत आला. 2024च्या शेवटी 1975चा सुतेख, 2025मध्ये 1985ची रानी आणि 1973चा ओमेगा, असे जुने खलनायक त्याने आणले. नावं उच्चारली की माझ्यासारख्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी अपेक्षा. पण ज्याला ती नावं माहीत नाहीत त्याच्यासाठी तिथे काहीच घडत नव्हतं, आणि मलाही ओमेगाच्या जागी एक संगणकी राक्षस पाहून कंटाळा आला. ऑक्टोबर 2025मध्ये डिस्नी बाहेर पडलं. त्याला केवळ जुने खलनायक जबाबदार होते असं मी म्हणणार नाही, पण ‘रोज’ लिहिणाऱ्या माणसाकडून हे यावं याचं वाईट वाटतं.

जुनं पात्र आणायचंच असेल तर 2006चा ‘स्कूल रीयुनियन’ बघून घ्या. 1976मध्ये मालिकेतून गेलेली डॉक्टरची सोबतीण सारा जेन तीस वर्षांनी त्याला भेटते, आणि तिचा प्रश्न साधा असतो: तू परत का आला नाहीस? तिचे जुने भाग न पाहिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीलाही तो कळला. सुरुवात करायची तर ‘रोज’, मग ‘डालेक’, मग हा. 1996चा चित्रपट सगळ्यात शेवटी ठेवा.