फाइल बंद करू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज आला, "मॅडम, सुटला! सगळ्या कलमांतून निर्दोष." वाचून मी अंथरुणावर उठून बसले. यूएपीएचा, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याचा खटला, अकरा वर्षं आत असलेला माणूस, आणि तुझी तीन वर्षांची धावपळ. मला किती आनंद झाला ते पत्रात लिहिता येणार नाही. पण त्याच्या खालीच तुझी दुसरी ओळ होती, "उद्या फाइल बंद करते." हे पत्र त्या ओळीसाठी लिहिते आहे.

फाइल बंद करू नकोस.

निकाल लागला की वकालतनामा संपतो, असंच आपण शिकलो. मीही बरीच वर्षं तसंच वागले. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या काळात एका मुलाला आम्ही सोडवून आणलं होतं. चार महिन्यांनी त्याचा भाऊ ऑफिसात आला. वॉचमनची नोकरी लागत होती, पण मालक चारित्र्याचा दाखला मागत होता. माझी त्या दिवशी उलटतपासणी होती. "पोलीस ठाण्यात अर्ज करा," एवढं सांगून मी त्याला वाटेला लावलं. ज्या ठाण्यानं त्या मुलाला उचललं होतं, त्याच ठाण्यात जायला मी सांगत होते. भाऊ परत आला नाही. त्याचा पडलेला चेहरा मला अजून दिसतो.

आधी कागदांचं बघ. निकालाच्या दहा प्रमाणित प्रती काढ. एक-दोन पुरत नाहीत, कारण प्रत्येक खिडकीवर एक ठेवून घेतात. मुद्देमालातल्या वस्तू परत मिळाव्यात म्हणून लगेच अर्ज कर. अटकेच्या वेळी घरातून दहावीची गुणपत्रिका, पासपोर्ट, बँकेचं पुस्तक, कधीकधी लग्नाचा अल्बमसुद्धा नेलेला असतो, आणि ते सगळं वर्षानुवर्षं सीलबंद पाकिटात पडून राहतं. आधार असेल, पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर आता भलत्याच कुणाकडे असणार. ओटीपी त्या परक्याला जातो आणि आपला माणूस बँकेत नुसता उभा राहतो. मुंबईच्या लोकल बॉम्बस्फोटांत २००६ मध्ये उचललेल्यांच्या वाट्याला याहून अवघड आलं. आधारची सुरुवातच २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली. ते आत गेले तेव्हा आधार नावाची गोष्टच नव्हती.

जातमुचलक्याचं त्याला नीट समजावून सांग. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३७-अ, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४८१. सुटला तरी सहा महिने तो बांधील आहे, सरकार अपिलात गेलं तर वरच्या कोर्टात हजर राहावं लागेल. हे आपल्याला पाठ असतं, त्याला मात्र वाटतं की सगळं संपलं. त्या लोकल बॉम्बस्फोटांचंच बघ. २०१५ मध्ये मोक्का कोर्टानं १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक जण २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. आणि २४ जुलैला, तीन दिवसांत, सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. सुटलेल्यांनी परत तुरुंगात जायची गरज नाही, पण तो निकाल पुढच्या खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, असा तो आदेश होता. "स्थगिती" हा शब्द टीव्हीवर ऐकून त्या घरांत काय झालं असेल, याचा विचार कर. अशा दिवशी त्याला फोन करून अर्थ सांगणारा वकील हवा असतो.

नुकसानभरपाईचं आश्वासन देऊ नकोस. मागायची तर नक्की मागू, पण आपल्याकडे तसा हक्क देणारा कायदाच नाही. विनाकारण अटक करवल्याबद्दल त्याच जुन्या संहितेच्या ३५८ कलमात फार तर १००० रुपये मिळायचे. विधी आयोगानं ऑगस्ट २०१८ मध्ये २७७वा अहवाल खास याच विषयावर दिला, पण त्यातून कायदा झाला नाही. गुजरातच्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सहा जणांना सोडलं, पोलीस तपासावर कडक ताशेरे ओढले, पण त्यांनी भरपाई मागितली तेव्हा नकार मिळाला. हैदराबादला मक्का मशीद स्फोटानंतर पकडून नेलेल्या मुलांना आंध्र सरकारनं पैसे दिले, सोबत चारित्र्याचे दाखलेही दिले. ती भरपाई पुढे उच्च न्यायालयानं रद्द केली. त्या पैशांपेक्षा मला तो दाखला मोठा वाटतो. तुमच्यावर डाग नाही, हे सरकारनं स्वतःच्या शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं. आपल्या माणसासाठी तसं काही मागता येतं का, यावर आपण दोघी बसू.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते.

काही वर्षांपूर्वी सुटून आलेल्या एकाबरोबर मी शिधापत्रिकेच्या कार्यालयात गेले होते. नाव कमी झालं होतं, परत चढवायचं होतं. गर्दी होती. आतल्या बाबूनं मोठ्यानं त्याचं नाव पुकारलं. आणि हा माणूस, चाळिशी उलटलेला, पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, तिथल्या तिथे उकिडवा बसला. हात गुडघ्यांवर, मान खाली. मग त्यानं हळूच डावीकडे पाहिलं. तुरुंगात मोजणीला जोडीनं बसवतात. तो शेजारचा जोडीदार शोधत होता. आजूबाजूचे बघत राहिले. मला काय करावं सुचेना. शेवटी मी त्याच्या शेजारी खाली बसले. क्षणभरानं त्याच्या लक्षात आलं, आणि "चला मॅडम" म्हणून त्यानंच मला हात देऊन उठवलं.

म्हणून सांगते, पहिले काही महिने कुठल्याही कार्यालयात त्याला एकटा पाठवू नकोस.

कोठडीतल्या मारहाणीची कहाणी त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नकोस. पत्रकार येतील, संघटना येतील, स्टेजवर बोलावतील. बोलायचं असेल तर तो बोलेल. विक्रोळीचे अब्दुल वाहिद शेख त्याच लोकल स्फोटांच्या खटल्यातून नऊ वर्षांनी निर्दोष सुटले, परत शाळेत शिकवायला लागले आणि त्यांनी सगळं लिहून काढलं. ती त्यांची ताकद होती. प्रत्येकाकडून ती अपेक्षा करणं क्रूरपणा आहे. त्याला त्याच्या कामाबद्दल विचार. तुझा माणूस यंत्रमागावरचा ना? मग कांडी कशी भरायची, धोटा अडकला की काय करायचं, तुटलेला धागा कसा जोडायचा, हे विचार. आरोपी नंबर अमुक व्हायच्या आधी तो कोण होता, ते त्याचं त्यालाच परत आठवू दे. झोप लागत नाही म्हणाला तर १४४१६ हा टेलिमानसचा, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दे, आणि पहिला फोन स्वतः लावून दे.

त्याच्या बायकोला विसरू नकोस. अकरा वर्षं घर तिनं ओढलं, फी तिनं भरली, तारखांना एसटीनं तीच यायची. आता नवरा आला म्हणून सगळ्यांनी तिला बाजूला सारायला सुरुवात केली असेल. घराचे निर्णय बोलताना दोघांना समोर बसव. मुलीला वडील म्हणजे जाळीपलीकडचा माणूस एवढंच माहीत आहे. तिला वेळ लागेल, घाई करू नका.

ठाण्यातून फोन येतील, बहुधा २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आगेमागे. "सहज या, चहा घेऊ." लेखी नोटीस मागायची, आणि एकट्यानं जायचं नाही. तुझा नंबर त्याच्याच नाही, घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू दे.

आणखी एक, जरा अवघड. स्फोटात ज्यांचं माणूस गेलं, त्यांच्यासमोर आपला विजय मिरवू नकोस. ११ जुलै २००६ ला माझ्या ओळखीतल्या एका घरचा मुलगा संध्याकाळच्या लोकलनं निघाला आणि पोचलाच नाही. निकालाच्या दिवशी त्याच्या आईनं मला विचारलं, "मग कोणी केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मालेगावातही तेच. २००६ च्या स्फोटात धरलेल्या मुसलमानांना २०१६ मध्ये कोर्टानं दोषमुक्त केलं. २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला सुटले, आणि ते हिंदू होते. आपलं माप दोन्हीकडे एकच राहू दे. पुरावा नसेल तर माणूस आत राहता कामा नये, मग तो कुणीही असो. आणि ज्याचं माणूस गेलं त्याला उत्तर मिळेपर्यंत तपास करणाऱ्यांना प्रश्न विचारत राहायचं, तेही आपलंच काम.

मुद्देमालाच्या अर्जाचा जुना मसुदा सोबत पाठवते, तारखा बदलून घे. सोमवारी त्याच्या रेशनकार्डासाठी जाशील तेव्हा लग्नाचा दाखला, बायकोचं कार्ड आणि निकालाची प्रत ने, दोन फोटो जास्तीचे घे. अकराच्या आत पोच, नंतर टोकन देत नाहीत.

तुझी,
मॅडम