मुलींची बॅच वेगळी शोधू का, मॅडम?

एप्रिल आला की सांगलीत समर कॅम्पचे बोर्ड लागतात आणि माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आयांचा हा प्रश्न सुरू होतो. पोहणं, कराटे, नाटक, काहीही असो. प्रत्येकीला तेच सांगण्यापेक्षा एक केस लिहिते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

दहा वर्षांची मुलगी, क्लास बुद्धिबळाचा. छान खेळणारी पोर अचानक हरायला लागली आणि क्लासच्या दिवशी बरोब्बर पोट दुखायचं. आईचं निदान तयारच होतं, "मुलं दांडगट आहेत, मुलींच्यात घालते तिला. २०२३ ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी आपल्या सांगलीतच झाली, तीपण वेगळीच ना?" म्हटलं, ताई कुस्तीत ताकद लागते, पटावर काय? तर म्हणे, "मग दिव्या देशमुख २०२५ ला महिलांच्याच वर्ल्ड कपमधून ग्रँडमास्टर झाली की!" हे मात्र खरंच होतं. वाद घालायची तयारी करून आलेली आई मला आवडते.

पोरगी काही बोलेना. मग तिला म्हटलं, तुझी डाव लिहायची वही आण आणि मला शिकव. मला येतात फक्त सोंगट्या हलवायला, त्यामुळे तिला शिकवायला मजा यायला लागली. एका डावापाशी मात्र थांबली.

"इथे मी वजीर दिला."

"चुकून?"

"नाही. दोन चालीत मात होती, दिसत होती मला."

"मग?"

"जिंकले की सर त्याला म्हणतात, पोरीकडून हरलास? सगळे हसतात. मग तो माझ्याशी बोलतच नाही."

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांची, त्यामुळे मला काय झालं यापेक्षा त्यावरून माणसाने मनात काय धरलं ते आधी दिसतं. हिने धरलं होतं की मी जिंकले की माणसं तुटतात. बॅच बदलली असती तर पोटदुखी थांबली असती आणि ही समजूत तशीच तिच्याबरोबर कॉलेजात, नोकरीत गेली असती, म्हणून तो वजीर सापडला याचं मला आजही बरं वाटतं. आणि त्या हरणाऱ्या मुलाचं काय, त्याचाही अपमान सरच करत होते.

आता वेगळी बॅच वाईट का? अजिबात नाही. अकरा-बारानंतर शरीरं बदलतात, पोहायला कपडे बदलायचे असतात, शालेय कबड्डी-खो-खोत १४ वर्षांखालच्या गटापासूनच मुलं-मुली वेगळे खेळतात. काही घरांतून मुलीला पाठवतातच या अटीवर, तर घ्या वेगळी बॅच आणि पाठवा, घरी बसवण्यापेक्षा केव्हाही बरं. फक्त आधी लेकराला विचारा की नक्की काय होतं, कुणामुळे, क्लासमध्ये की येता-जाता. कधी बाथरूमला कडी नसते, कधी एकच कार्टं असतं, कधी सरांची जीभ. भीतीचं किंवा नको त्या स्पर्शाचं निघालं तर मात्र बॅचचा विचारच करत बसू नका, मुलीला (मुलालासुद्धा) लगेच थांबवा आणि तक्रार करा, १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

आई सरांशी बोलली. ते आधी चिडलेच, गंमत करतो हो मी म्हणाले, पण नंतर थांबलं ते. मुलगी त्याच बॅचला जाते आणि मुलींच्या गटाच्या स्पर्धाही खेळते. तिला दोन्हींत काही वावगं वाटत नाही, आईला अजून थोडं वाटतं.